अपक्षाला मत दिलं तर वाया जातं का? आणि प्रभागातले बाकीचे प्रश्न

या महिन्यात आलेली जवळपास सगळी पत्रं एकाच विषयावर आहेत, आणि साहजिकच आहे, १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान आहे, दुसऱ्या दिवशी निकाल, आणि कित्येक शहरांत तीन-चार वर्षं, कुठे कुठे तर पाच वर्षं नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. सगळी पत्रं घेता येणार नाहीत म्हणून ज्यांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी काही निवडली. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, पक्षांचीही नाहीत, कारण हे प्रश्न कुठल्याही पक्षाच्या प्रभागात तेच राहतात.

ताई, आमचं गाव २०२१ ला पुणे महापालिकेत आलं. टॅक्सची बिलं वेळेवर येतात पण पाणी अजून टँकरचंच. आमच्या सोसायट्यांच्या फेडरेशनमधल्या एक काकू आहेत, रिटायर्ड शिक्षिका, पाण्यासाठी त्यांनी महापालिकेत इतके खेटे घातलेत की कुठली फाइल कुठल्या टेबलावर अडकलीये ते त्यांना तोंडपाठ आहे. तिकीट कुणी दिलं नाही म्हणून आता अपक्ष उभ्या आहेत. सगळे म्हणतात बाई चांगली आहे, पण मत वाया जाईल, पॅनेल टू पॅनेल चालवा. आमच्या घरात यावरून रोज वाद होतायत. मिस्टर म्हणतात भावनेच्या भरात मत देऊ नकोस. काय करू?
— समाविष्ट गावातली एक वाचक, पुणे

वाया जात नाही. आधी हे डोक्यातून काढा, मग बाकीचं बोलू.

तुमच्या प्रभागात चार जागा आहेत, अ, ब, क आणि ड, आणि या चार वेगवेगळ्या निवडणुका आहेत ज्या एकाच खोलीत एकाच वेळी होतात, एवढंच. काकू समजा ब मधून उभ्या आहेत, तर ब मध्ये त्यांना मत द्या आणि अ, क, ड मध्ये तुम्हाला जो योग्य वाटेल त्याला द्या, तो एका पक्षाचा असो, तीन वेगवेगळ्या पक्षांचे असोत, कुणी अडवत नाही. पॅनेल टू पॅनेल चालवा, म्हणजे चारही मतं एकाच पक्षाला द्या, ही पक्षाची सोय आहे, तुमच्यावर तसं बंधन नाही. मतदान केंद्रात यंत्रावर चारही जागांच्या मतपत्रिका वेगळ्या रंगाच्या असतात, अ ची पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी, तर काकूंच्या कार्यकर्त्यांना सांगा की नुसतं नाव आणि चिन्ह सांगू नका, रंग सांगा. आजीआजोबांना "गुलाबी कागदावर आपलं चिन्ह" हे लगेच लक्षात राहतं. चारही मतं नोंदली गेली की शेवटी बझर वाजतो, तो ऐकूनच बाहेर पडा, बरेच लोक एक बटण दाबून निघायला बघतात आणि मग आत गोंधळ होतो.

आता मिस्टरांची बाजू, कारण ती अगदीच चुकीची नाहीये. या पद्धतीत अपक्षाला खरंच अवघड आहे. पुण्यात १६५ जागा आहेत आणि प्रभाग फक्त ४१, म्हणजे २०११ च्या जनगणनेचा हिशोब धरला तरी एका प्रभागात सरासरी ८५ हजारांच्या आसपास माणसं येतात, आणि त्यानंतर तुमच्यासारख्या गावांत किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही बघताच आहात. पक्षाचे चार उमेदवार मिळून एक रिक्षा फिरवतात, एका पत्रकावर चार चेहरे, बूथवर माणसं वाटून घेतात. काकूंना हे सगळं एकटीला करायचंय आणि त्यात चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे ते घराघरांत पोचवायला दोन आठवडेसुद्धा मिळत नाहीत. हे कायम असंच होतं असं नाही, २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, दर वेळी नवा खेळ. एकाच्या वॉर्डात ओळखीपाळखीवर, कामावर निवडून येणं शक्य व्हायचं. चारच्या प्रभागात नुसत्या ओळखीवर भागत नाही.

म्हणून काकू हरतील असं धरून चालू. तरी तुमच्या मताचं काय होतं बघा. मतमोजणी बूथवार होते, आणि निवडून आलेला माणूस निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिली गोष्ट काय करत असेल तर ते आकडे घेऊन बसतो. कुठल्या सोसायट्यांनी, कुठल्या वस्तीने आपल्याला मत दिलं नाही आणि कुणाला दिलं हे तो नीट बघतो. तुमच्या चार-पाच सोसायट्यांच्या बूथवर पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या बाईला भरघोस मतं पडली तर पुढची पाच वर्षं त्या नगरसेवकाला पाण्याचा विषय टाळता येत नाही, कारण पुढच्या वेळी तीच मतं त्याला हवी असतात.

आणि जिंकल्या तर? याबद्दल कुणीच बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त याचीच काळजी वाटते. पाण्याची लाइन भाषणाने येत नाही, बजेटमधल्या तरतुदीने येते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, ते स्थायी समितीत जातं, मग मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत. स्थायी समितीत १६ जण असतात आणि त्या जागा पक्षांच्या संख्याबळावर वाटल्या जातात. निकालानंतर विभागीय आयुक्तांकडे गटांची नोंदणी होते, त्यात एकटा अपक्ष कुठेच बसत नाही, त्याला कुणाबरोबर तरी जावं लागतं किंवा बाहेर राहावं लागतं. मुख्य सभेत बोलायचा, लेखी प्रश्न टाकायचा हक्क मात्र त्याला बाकीच्यांइतकाच आहे, प्रभाग समितीतही तो असतो, आणि चिकाटीचा एकटा माणूस प्रशासनाला प्रश्नांनी हैराण करू शकतो. पण हे माहीत असणारा हवा. म्हणून काकूंच्या घरी जाऊन सरळ विचारा की तुम्ही निवडून आलात तर कुठल्या गटाबरोबर बसणार आणि त्या बदल्यात आपल्या भागासाठी नक्की काय मागणार. आणि "वर्गीकरण" म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे का तेही बघा. बजेटमध्ये एका कामासाठी ठेवलेला पैसा वर्षाच्या शेवटी शेवटी दुसऱ्या कामाकडे वळवायचा प्रस्ताव म्हणजे वर्गीकरण, आणि पाइपलाइनचे पैसे बाकड्यांना, कमानींना, नामफलकांना जातात ते याच वाटेने. तुमची तरतूद मंजूर होणं जितकं महत्त्वाचं तितकंच ती मार्चपर्यंत जागेवर आहे ना हे बघत बसणंही, आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे हे ज्या बाईला पाठ आहे ती हे करेल असं मला वाटतं. बाकी तिन्ही जागांवरच्या उमेदवारांनाही हेच प्रश्न विचारा, फक्त काकूंची परीक्षा घेऊन त्यांना सोडून देऊ नका.

आणखी एक. तुमची २३ गावं ३० जून २०२१ ला शहरात आली आणि सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली, मध्ये तुमच्यासाठी पोटनिवडणूक झाली नाही, नंतर प्रशासक. म्हणजे ग्रामपंचायत गेली आणि त्या बदल्यात नगरसेवक काही मिळाला नाही, सरपंचाला रस्त्यात गाठता यायचं तेही बंद झालं. तुम्ही १५ तारखेला निवडणार आहात तो तुमच्या गावाचा पहिला नगरसेवक. मी तुमच्या जागी असते तर काकूंच्या जागेवर काकूंनाच मत दिलं असतं, आणि मतदानापर्यंत रोज संध्याकाळी तासभर त्यांच्याबरोबर जिने चढले असते.

आमचा प्रभाग महिला राखीव झाला म्हणून मिसेसला उभं केलंय. पंधरा वर्षं काम मीच करतोय, लोक मला ओळखतात. विरोधक मुद्दाम पसरवतायत की नगरसेविका नावाला, कारभार नवऱ्याचा. मी मदत करणं चूक आहे का? तिला सभेत बोलायची भीती वाटते, तिची तयारी कशी करून घेऊ ते सांगा.
— एक वाचक, नाशिक

दादा, मदत करणं अजिबात चूक नाही. घरातला एक माणूस निवडणूक लढवतो तेव्हा अख्खं घर राबतं, बायका नवऱ्यासाठी हे वर्षानुवर्षं करत आल्यात आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पण तुमच्या पत्रात "उभं केलंय" असं लिहिलंय आणि तिचं स्वतःचं म्हणणं काय आहे याबद्दल एक ओळ नाही, तिला उभं राहायचं होतं का, तिला प्रभागातलं काय खुपतं, काहीच नाही. ते आधी तिला विचारा, आणि विचारून झाल्यावर मध्ये न बोलता ऐका.

तयारीचं विचारलंत म्हणून अगदी छोट्या गोष्टीपासून सांगते. तुमचं प्रचाराचं पत्रक काढून बघा, त्यावर मोबाइल नंबर कुणाचा छापलाय? बहुतेक तुमचा असेल. तो तिचा करा, आजच करा, पुढच्या छपाईची वाट बघू नका, आहेत त्या पत्रकांवर स्टिकर लावा. आणि फोन आला की तिलाच उचलू दे. पहिल्या दिवशी ती अडखळेल, ड्रेनेजची तक्रार आली तर काय बोलायचं कळणार नाही, आठवड्याने तिला माहीत झालेलं असेल की चेंबर तुंबला तर कुणाला फोन करायचा आणि तो माणूस कुठली कारणं देतो. भाषणाची भीती अशीच जाते, विषय माहीत असला की तोंड उघडतं. आरशासमोर भाषण पाठ करून घेऊ नका, लोकांना दोन मिनिटांत कळतं. चौकसभेत तिने तीनच वाक्यं बोलावीत पण स्वतःची. पदयात्रेत ती पुढे आणि तुम्ही मागे, आणि कुणी तुमच्याशी बोलायला लागलं तर "हिच्याशी बोला" एवढंच म्हणायचं.

निवडून आल्यावर तर तुमचा प्रश्नच मिटतो, कारण सभागृहात तुम्हाला जाता येत नाही. तुम्ही प्रेक्षक गॅलरीत. सभेआधी विषयपत्रिकेचा गठ्ठा घरी येतो, त्यात कुठल्या रस्त्याचं रुंदीकरण, कुठल्या ठेक्याला मुदतवाढ, कुठल्या आरक्षणात बदल असं सगळं असतं, आणि सभेत विषय पुकारला की काही सेकंदांत "मंजूर, मंजूर" होऊन पुढचा विषय येतो. त्या काही सेकंदांत तिने माइकचं बटण दाबायचंय आणि "यावर मला बोलायचंय" म्हणायचंय. ते तुम्ही वरून करू शकत नाही. तो गठ्ठा तिने स्वतः वाचलेला असला तरच ते होतं, तुम्ही वाचून तिला "यावर हात वर कर" सांगितलंत तर समोरच्याने एक उलटा प्रश्न विचारला की संपलं. आणि सहीची जबाबदारीही तिचीच असते. उमेदवारीच्या शपथपत्रावर सही तिची, खर्चाच्या हिशोबावर सही तिची, उद्या हिशोब वेळेत गेला नाही तर अपात्र तीच ठरणार.

नाशिकच्या १२२ जागांपैकी निम्म्या, म्हणजे ६१, महिलांसाठी आहेत, २०११ पासून राज्यात निम्म्या जागांचा नियम आहे. अशाच राखीव जागांवर, घरच्यांनी उभं केलं म्हणून आलेल्या कितीतरी बायका दोन वर्षांत अशा तयार झाल्या की अधिकारी त्यांचा फोन बघून सरळ बसायला लागले. पहिल्या सहा महिन्यांत घरच्यांनी त्यांना मोकळं सोडलं का यावर बरंच ठरलं. आता तुम्हाला एकच विचारते आणि याचं उत्तर मला पाठवू नका, तिला द्या. पुढच्या वेळी सोडतीत तुमची जागा खुली निघाली, खुल्या जागेवर बाई उभी राहू शकतेच, आणि तोपर्यंत तिने काम चांगलं केलेलं असलं तर तुम्ही तिला थांबायला सांगणार का? हे आत्ताच ठरवा, दोघांनी बसून ठरवा. लोक जे बोलतायत ते पत्रकावरचा खुलासा वाचून थांबणार नाही, तिला कामात बघितल्यावर थांबेल.

माझी मुलगी ठाण्याला असते, ती म्हणते आम्ही चार मतं देणार. आम्हाला मुंबईत एकच. हा आमच्यावर अन्याय नाही का? आणि कुणीच पसंत नसेल तर नोटा दाबून काही होतं का?
— एक ज्येष्ठ वाचक, मुंबई

काका, अन्याय नाही. मुंबईचा कायदा वेगळा आहे, १८८८ चा, तिथे २२७ वॉर्ड आणि वॉर्डाला एक नगरसेवक. बाकी महापालिका १९४९ च्या कायद्याने चालतात आणि तिथे सध्या बहुसदस्यीय प्रभाग आहेत. मला विचाराल तर तुमचंच बरं आहे, रस्ता खराब असला तर कुणाला धरायचं ते माहीत असतं, मुलीकडे चौघे एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

नोटाचं मात्र आपल्याकडे वेगळं आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडून येतो, पण राज्य निवडणूक आयोगाने २०१८ ला स्थानिक निवडणुकांसाठी आदेश काढला की नोटा पहिल्या क्रमांकावर आलं तर त्या जागेवर फेरनिवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीतही तसंच झालं तर मग उमेदवारांतला सगळ्यात जास्त मतांचा माणूस निवडून येतो. तर काही होतं, पण नोटा दाबण्याआधी प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र एकदा वाचा, गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं त्यात असतं आणि ते मतदारांना बघायला खुलं असतं. कितीतरी वेळा यादीच्या तळाशी एखादा माणूस असतो ज्याचं नावच आपल्यापर्यंत पोचलेलं नसतं.

आमच्या अपार्टमेंटला एका उमेदवाराने बिल्डिंगचा रंग आणि सीसीटीव्ही लावून देतो म्हणून सांगितलंय. बदल्यात सोसायटीची सगळी मतं. सेक्रेटरीने व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला आणि बहुतेकांनी हो म्हटलं. मी विरोध केला तर म्हणाले, बाकीचे पाच वर्षं काही देत नाहीत, हा निदान आधी देतोय. मला काही उत्तर सुचलं नाही.
— एक वाचक, नागपूर

मताच्या बदल्यात काही देणं ही लाच आहे आणि घेणंही लाच आहे, दोन्ही गुन्हे. तुमच्या सेक्रेटरींनी तर पोल घेऊन स्वतःच लेखी पुरावा करून ठेवलाय, हे त्यांना एकट्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगा, ग्रुपवर नको. बहुतेक माणसं हे कळल्यावर स्वतःच मागे येतात. नाही आले तर स्क्रीनशॉट ठेवा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात आचारसंहितेची तक्रार करा, लेखी द्या आणि पोच घ्या.

पण तुम्हाला उत्तर सुचलं नाही हा खरा त्रास आहे ना? मग हा हिशोब त्यांच्यापुढे मांडा. २०१७ ला ठरलेलं नागपूरच्या नगरसेवकाचं मानधन महिन्याला २० हजार आहे, म्हणजे पाच वर्षांचे झाले १२ लाख. या निवडणुकीत उमेदवाराला कायद्याने जास्तीत जास्त खर्च करता येतो १५ लाख. म्हणजे पूर्ण पाच वर्षांचं मानधन घातलं तरी कायदेशीर खर्चसुद्धा निघत नाही, आणि रंग नि कॅमेरे तर त्या हिशोबात दाखवताच येणार नाहीत. तो पैसा कुठून तरी परत येणार. रस्त्याच्या डांबरातून येईल, कचऱ्याच्या ठेक्यातून येईल, तुमच्याच कॉलनीच्या नालीच्या कामातून येईल. जो आज तुमची मतं विकत घेतोय तो उद्या तुमचं काही देणं लागत नाही, व्यवहार पूर्ण झालेला असतो. तुम्ही नालीची तक्रार घेऊन गेलात तर तो तोंडावर म्हणेल की तुमच्या बिल्डिंगला तर मी दिलंय, आणि त्याचं तसं म्हणणं बरोबर असेल. याउलट ज्याला काही न घेता मत दिलंय त्याच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवायचा हक्क तुमच्याकडे राहतो.

आणि सोसायटीची सगळी मतं असं काही नसतंच. मत गुप्त आहे, आत कुणी काय दाबलं हे सेक्रेटरींना कळणार नाही. ज्यांनी ग्रुपवर हो म्हटलंय त्यांतल्या कितीजणांनी शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हटलंय हे तुम्हीही जाणता. तेव्हा पूर्ण बिल्डिंगशी भांडण मांडू नका, चार घरी चहाला जा, हा हिशोब सांगा, पुरेसं आहे.

ताई मी २२ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग झालंय. आमच्या पेठेत एका उमेदवाराच्या प्रचारात फिरतोय, जेवणावळी, बाइक रॅली सगळं बघतोय आणि लई वाईट वाटतंय. पुढच्या वेळी मला स्वतःला उभं राहायचंय. घरचे हसतात. काय काय लागतं, आत्तापासून काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

घरच्यांना हसू दे. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला फार आनंद झाला, कारण बाकी सगळी पत्रं कुणाला मत देऊ विचारणारी होती.

कागदपत्रांचं पटकन सांगते. २१ पूर्ण लागतात, ते तुझं झालंय. शहराच्या मतदार यादीत नाव हवं, आणि ही यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागवार फोडतात, या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली, म्हणजे ऐन वेळी नाव घालता येत नाही, तुझं आहे का आजच बघ. महापालिकेची थकबाकी नको. राखीव जागेवरून लढायचं असलं तर जातवैधता प्रमाणपत्राच्या मागे आत्तापासून लाग, ऐन निवडणुकीत त्यासाठी धावणारी माणसं मी बघितलीयत. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट आहे, ती तुला सध्या लागू नाही. निवडणुकीला वेगळं बँक खातं, रोजचा खर्च लिहायचा, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यायचा, हरलास तरी द्यायचा. यात अवघड काही नाही.

अवघड पुढे आहे. कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली, तू तेव्हा इंजिनिअरिंगलाही गेला नसशील बहुतेक. म्हणजे मोठा झाल्यापासून चालू सभागृह तू बघितलेलंच नाहीस, आणि म्हणून तुला निवडणूक म्हणजे जेवणावळी नि रॅली एवढंच दिसतंय. टोलचं आंदोलन आठवतंय का तुला? लहान असशील, पण घरी विचार, तुझे वडील नक्की कुठल्यातरी मोर्चात होते. आख्खं शहर रस्त्यावर होतं आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. पण तो आला कसा? रस्त्यांच्या त्या प्रकल्पाच्या करारात महापालिका स्वतः एक पक्षकार होती. म्हणजे शहराने निवडून दिलेल्या सभागृहासमोर तो विषय आलेला होता, आणि नंतर रस्त्यावर जे प्रश्न विचारले गेले, टोल किती वर्षं, रस्त्याचा दर्जा कोण बघणार, बदल्यात ठेकेदाराला जागा कुठली द्यायची, ते त्या वेळी कराराचा कागद हातात घेऊन विचारायला हवे होते. असा कागद वाचणारा माणूस तुला व्हायचंय. इंजिनिअर आहेस, एस्टिमेट वाचता येतं, हे फार मोठं भांडवल आहे, बहुतेक उमेदवारांकडे ते नसतं.

तर कामाला लाग. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत जाऊन रेकॉर्ड बघता येतं, अर्ज करून महिनाभर वाट बघायची गरज नाही. एक रस्ता घे, तुझ्या पेठेतलाच, त्याची फाइल माग, वर्कऑर्डर, एस्टिमेट, मोजमाप पुस्तक, बिल. मग टेप घेऊन तो रस्ता मोज. कागदावर किती लांबी, किती जाडी आणि जागेवर किती ते लिहून काढ. काही ठिकाणी जुळेल, जिथे जुळेल तिथे त्या ज्युनिअर इंजिनिअरचं नावानिशी कौतुक कर, लोकांना फक्त ओरडणारा माणूस नको असतो. मग थेट पाइपलाइनची योजना घे. काळम्मावाडी धरणाचं पाणी नोव्हेंबर २०२३ ला शहरात आलं, मग तुझ्या गल्लीत अजून कमी दाबाने का येतं हे शोध, टाकी कुठली, लाइन कधीची, झोन कुठला. हे तुला कळलं की प्रचाराला वेगळा मुद्दा लागणार नाही.

आणि क्षेत्रसभा. २००९ पासून कायद्यात आहे, ग्रामसभेसारखी, नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांची बोलवायची आणि लोकांनी कामं सुचवायची. बऱ्याच शहरांत ती भरतच नाही, कारण कुणी मागत नाही. तू ज्याचा प्रचार करतोयस त्याला या आठवड्यात, चार लोकांसमोर विचार की निवडून आलात तर क्षेत्रसभा घेणार का. हो म्हणाला तर लिहून घे. विषयच टाळला तर रॅलीत तुझी बाइक कशासाठी जातीये याचा विचार कर, दुसऱ्या कुणाकडून उत्तर मिळतंय का बघ, प्रभागात बरेच उमेदवार आहेत.

नवं सभागृह बसलं की नगरसचिव कार्यालयात जाऊन प्रेक्षक गॅलरीच्या पासचं विचार आणि पहिल्या सभेपासून जाऊन बस. विषयपत्रिकेची प्रत माग, शेजारी पेन ठेव, कुठल्या विषयावर कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं ते लिहीत जा. मार्चमध्ये बजेटची सभा होईल ती चुकवू नकोस. तिथे जे दिसेल ते मला लिहून पाठव, आपण ते याच सदरात घेऊ.